बागेतलं चिलट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. रविवारची संध्याकाळ, बाग माणसांनी फुललेली, आणि मी विमानाच्या पोटाखाली उकिडवा बसून एका बोल्टाभोवती जमलेली पांढरी भुकटी जुन्या टूथब्रशने खरवडत होतो. तेवढ्यात समोर दोन छोटे पाय येऊन थांबले. लाल सँडल, एकीचा पट्टा सुटलेला. पोरगं पाच-सहा वर्षांचं असेल. एका हातात गुलाबी बुढ्ढी के बाल, दुसऱ्या हाताची मूठ. दार वाजवावं तसं त्याने विमानाचं नाकाड वाजवलं आणि विचारलं, "आई, हे खरंय?" आईने मोबाइलवरची नजर अर्धी वर उचलली. "नाही रे बाळा, सिमेंटचं आहे. तो जिराफ आहे ना, तसंच." पोराने पुन्हा एकदा वाजवून पाहिलं. आवाज आला तो ठप्प असा, ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखा. त्याची खात्री पटली असावी. पट्टा फटफट वाजवत तो घसरगुंडीकडे पळाला.

मी काहीच बोललो नाही.

बोलायला काय हरकत होती? तीन वर्षांचे रविवार त्या विमानाखाली काढलेत, नखांत रंग आहे, बायकोची बोलणी खाल्ली आहेत. "बाई, हे खरं आहे, हे उडायचं," एवढं एक वाक्य. पण घशातच राहिलं. घरी येऊन जेवायला बसलो तरी ते 'सिमेंटचं' डोक्यातून जाईना. राग त्या बाईचा नव्हता. तिचं चुकलं कुठे? आमच्या बागेत सिमेंटचा जिराफ आहे, सिमेंटच्या अळंब्या आहेत, तोंड वासून 'मला कचरा द्या' म्हणणारा ससा आहे. त्याच ओळीत, त्याच कठड्याआड, त्याच डब्यातल्या ऑइलपेंटने रंगवलेलं हे विमान. जिराफाचे ठिपके रंगवून उरलेला पिवळा एका वर्षी विमानाच्या शेपटीला लागला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. चाळीस वर्षं दर सव्वीस जानेवारीच्या आधी एक हात मारला की कुठल्याही ॲल्युमिनियमचं सिमेंट होतं.

ते विमान म्हणजे नॅट. इंग्रजीत नॅट म्हणजे चिलट, आणि नाव ठेवणाऱ्याने विचार करूनच ठेवलं असणार. पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम बावीस फूट, नाकापासून शेपटीपर्यंत तीस फुटांच्या आत, रिकामं असताना वजन सव्वादोन टनांच्या आसपास. जमिनीवर उभं राहून, शिडी न लावता, मेकॅनिकने बहुतेक कामं करावीत अशी त्याची उंची. ज्या इंग्रजांनी ते घडवलं त्यांच्या हवाई दलाने ते लढायला घेतलंच नाही. शिकवायला दोन आसनांचं घेतलं आणि कसरतींना वापरलं. आपण १९५६ मध्ये परवाना घेतला, बंगळूरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात बांधलं आणि १९६५ मध्ये पाकिस्तानच्या सेबर विमानांच्या पुढ्यात उभं केलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. वर्तमानपत्रांनी त्या चिलटाला 'सेबर स्लेअर', म्हणजे सेबरचा काळ, म्हटलं.

आमच्या गावात ते आलं तेव्हा मी तिसरीत होतो. एका लांबलचक ट्रेलरवर धड वेगळं, पंख वेगळा, सगळं दोरखंडांनी आवळलेलं. वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून बघायला घेऊन गेले. मला आठवते ती निराशा. विमान म्हणजे आभाळ झाकून टाकणारं काहीतरी असेल अशी माझी समजूत, आणि इथे आमच्या एसटीपेक्षाही लहान काहीतरी, त्यात टायर बसलेले. वडील शाळामास्तर. ते लगेच म्हणाले, "मूर्ती लहान पण कीर्ती महान." हे वाक्य ते माझ्या उंचीबद्दलही म्हणायचे, त्यामुळे मला ते पटलं नाही. पण त्याचा रंग लक्षात राहिला. बसवण्याआधी त्याला चंदेरी रंग दिला होता आणि दुपारच्या उन्हात त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मधली तीसेक वर्षं मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. म्हणजे रोज पाहिलं. बँकेत जाता-येता बागेचा कठडा लागतो, कठड्यावरून त्याचं शेपूट दिसतं. पण दारातल्या तुळशीवृंदावनाकडे आपण जसं पाहतो तसं, म्हणजे काही नाही.

तात्या पहिल्यांदा दिसले ते एका जुलैत. पाऊस थांबून तास झाला असेल. मी मुलीला क्लासला सोडून बागेत टाइमपास करत होतो. एक सडसडीत म्हातारे गृहस्थ, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, विमानाच्या पोटाखाली वाकून सायकलच्या चाकाचा एक आरा पत्र्यात खुपसत होते. मला वाटलं वेडा असेल. हटकायला पुढे गेलो तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "भोकं बुजवलीत गाढवांनी." आणि आरा आत गेला. आधी एक बुडबुडा, मग तांबूस-तपकिरी पाण्याची धार. थेट त्यांच्या वहाणांवर. कुजक्या पाल्याचा, गंजाचा आणि कबुतरांच्या विष्ठेचा मिळून एक वास असतो, तो त्या दिवसापासून मला झोपेतही ओळखता येईल. बादलीभर तरी पाणी निघालं. त्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. चिलटाच्या पोटात डास! मला हसू आलं, तात्यांना नाही. "विमान हे गळायलाच हवं," ते म्हणाले, "पोटाला भोकं ठेवलेली असतात. आत येणारं पाणी खाली जायला. यांनी रंग मारून मारून ती बंद केली. आता हे विमान नाही, हौद आहे."

तात्या हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. म्हणजे इंजिन नाही, बंदुका नाहीत. पत्रा, रिबेट, पंख, चाकं, विमानाची हाडं आणि कातडी. नोकरीची सुरुवातीची काही वर्षं नॅटवर काढलेली. निवृत्तीनंतर मुलाकडे आमच्या गावात राहायला आले आणि सकाळच्या फिरण्यात त्यांना आपलं जुनं दुखणं कठड्याआड उभं दिसलं. 'दुखणं' हा त्यांचाच शब्द. नॅटबद्दल ते कधी कौतुकाने बोलत नाहीत. आम्ही कौतुकाला लागलो की ते हायड्रॉलिक्सवर येतात. शेपटीच्या नियंत्रणाचा ताप, ऐन वेळी अडकणाऱ्या तोफा, एवढ्याशा जागेत कोंबलेल्या नळ्या. एक नळी काढायची तर आधी चार सोडवाव्या लागत. "बारक्या बाईचा स्वभाव," असं काहीतरी बोलून गेले एकदा, मग आमच्यातल्या पॉलिटेक्निकच्या मुलीकडे बघून जीभ चावली. पण त्याच संध्याकाळी त्यांनी तिला चाकाची झाकणं उघडून दाखवली. या विमानाला वेगळे एअरब्रेक नव्हते. वैमानिक हवेत चाकं थोडीशीच खाली सोडायचा, आणि त्यांच्या झाकणांनीच वेग मारायचा. एकाच अवयवात दोन कामं. ते दाखवताना तात्यांची बोटं त्या गंजलेल्या बिजागरीवर ज्या हलकेपणाने फिरली, त्यावरून त्यांचं खरं मत आम्हाला कळलं.

सुरुवातीला आम्ही अकरा जण होतो. एकाने ग्रुपला नाव दिलं, लोगो केला, टी-शर्टचं कोटेशन मागवलं. पहिल्या चार रविवारांत विमानासोबत भरपूर फोटो निघाले. मग ऊन वाढलं आणि आम्ही चौघं उरलो: तात्या, मी, ती पॉलिटेक्निकची मुलगी आणि डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजवाले मेस्त्री. मेस्त्रींना युद्धाबिद्धाशी काही देणंघेणं नाही. "पत्रा चांगला आहे, वाया जातोय," एवढंच त्यांचं म्हणणं. चौघांत सगळ्यात भरवशाचा माणूस तोच निघाला.

परवानगीचं सांगत नाही. एवढंच सांगतो की उद्यानवाल्यांच्या मते ते विमान म्हणजे शिल्प, बांधकामवाल्यांच्या मते चबुतरा तेवढा त्यांचा, वरचं त्यांचं नाही, आणि ज्या फायलीत मूळ देणगीचं पत्र असायला हवं ती फाइल 'आहे, पण सापडत नाही' या अवस्थेत अजून आहे. शेवटी एका भल्या बाईंनी, त्यांचं पद मुद्दामच सांगत नाही, तोंडी सांगितलं: "स्वच्छता म्हणून करा. दुरुस्ती म्हणू नका." तेव्हापासून आम्ही स्वच्छता करतो.

पहिलं वर्षभर 'स्वच्छता' म्हणजे नुसतं पाणी. पाणी कुठून शिरतं, कुठे साठतं, कुठून काढायचं. वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक टोपी तडकून दुधाळ झाली होती आणि तिच्या कडेने पाणी थेट आत. कॉकपिटमध्ये डायलच्या जागी नुसती गोल भोकं. डायल कधीच कुणीतरी काढून नेलेले. त्यातल्या एका भोकात गांधीलमाश्यांचं पोळं, आसनाच्या जागी कबुतरांच्या काड्या, आणि एक प्लॅस्टिकचा चेंडू. तो आत गेला कसा हे कोडं आम्हाला अजून सुटलेलं नाही. विमान चबुतऱ्यावर बसवताना कुणा कंत्राटदाराने साधे लोखंडी बोल्ट वापरलेले. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून पावसात भिजले की ॲल्युमिनियम झिजत जातं. त्याची अशी पांढरी, पिठीसाखरेसारखी भुकटी होते. मेस्त्रींनी एकेक बोल्ट काढून मध्ये नायलॉनचे वायसर टाकले. सगळ्या वायसरांचा खर्च आमच्या चौघांच्या मिसळीपेक्षा कमी झाला. घरी मात्र बायको म्हणायची, "विमानाचं पाणी काढायला जाताय, इथे मोरीचा नळ दोन महिने गळतोय." गळतोय तेच बरं, असं मी एकदा म्हणून बसलो. ते नको होतं म्हणायला.

दुसऱ्या वर्षी रंग काढायला घेतला. ग्राइंडर लावायचा नाही ही तात्यांची सक्त ताकीद. पत्रा पातळ, क्षणात आरपार जाईल. म्हणून पाणी, पॉलिश पेपर आणि धीर. तोंडाला मास्क, कारण सगळ्यात खालचा पिवळट-हिरवा थर झिंक क्रोमेटचा, तो श्वासात जायला नको. हातभर जागा घासायला एक रविवार. पण त्या हातभर जागेत काय काय निघालं! वरून आकाशी. त्याखाली बागेच्या बाकांचा हिरवा. त्याखाली कुणा हौशी चित्रकाराने काढलेले लष्करी पट्टे. मग केशरी, मग पुन्हा आकाशी, जिराफाचा पिवळा, आणि मग माझ्या तिसरीतला चंदेरी. तो दिसला तेव्हा मी थांबलो. कांद्याचे पापुद्रे सोलता सोलता मध्येच कुणी हाक मारावी तसं झालं. पण तात्या म्हणाले, "थांबू नका, अजून आहे." चंदेरीच्या खाली खरा रंग होता, फिकट पडलेला कॅमाफ्लाज. १९६५ च्या लढाईत नॅट चंदेरी असायची. एकाहत्तरच्या सुमाराला त्यांच्यावर कॅमाफ्लाज आला. म्हणजे हे निदान तेवढ्या काळापर्यंत तरी कामावर होतं. त्याहून जास्त काही ते विमान बोललं नाही. शेपटीकडे नंबर असतो, तो कधीतरी कुणीतरी घासून टाकलेला. 'ई' आणि एक अर्धवट आकडा, एवढंच उरलंय. कुठल्या स्क्वाड्रनचं, कुठे होतं, लढलं की नाही, पत्ता नाही.

शेपटीखाली मात्र दुसरा मजकूर सापडला. चंदेरी थरात कर्कटकाने कोरलेली नावं, बाण, बदाम. वरच्या रंगांनी भरून गेलेली, पॉलिश पेपरने पुन्हा उघडी पडलेली. पॉलिटेक्निकची मुलगी मोठ्याने वाचत होती आणि हसत होती. तिसऱ्या ओळीत माझी आद्याक्षरं होती. नववीतली. सोबतचं दुसरं अक्षर कुणाचं ते सांगत नाही, ती बाई आता नाशिकला दोन नातवंडांची आजी आहे. मी म्हटलं, "हे आधी घासू या." तात्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, अक्षरांकडे पाहिलं आणि माझ्या हातात कागद दिला. त्यांना कळलं की नाही हे मी आजवर विचारलेलं नाही.

रविवारी चहाच्या वेळी तात्या गोष्टी सांगतात. त्यांची आवडती गोष्ट नॅटची नाही, कानपूरची. महायुद्ध संपलं तेव्हा तिथे लिबरेटर नावाची चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं रांगेने उभी होती. अमेरिकेची, ब्रिटिशांना वापरायला दिलेली. परत न्यायची नव्हती आणि दुसऱ्या कुणाच्या कामी येऊ द्यायची नव्हती, म्हणून जाताना ती बिघडवून ठेवली गेली. १९४८ मध्ये एचएएलची माणसं त्या उकिरड्यात शिरली. या विमानाचा पंख, त्या विमानाचं चाक असं करत ती जागेवरच उडण्याइतकी जोडली, आणि कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी ती एकेक करून बंगळूरला घेऊन आले. तिथे नीट दुरुस्ती होऊन चाळीसेक लिबरेटर आपल्या हवाई दलात दाखल झाली. भंगारातून उचललेली ती विमानं १९६८ पर्यंत चालली. आणि तेव्हा जगाच्या लक्षात आलं की बाकीच्यांनी आपापली लिबरेटर केव्हाच वितळवून टाकली आहेत. मग कॅनडाने एक नेलं, अमेरिकेतल्या टुसॉनच्या संग्रहालयाने १९६९ मध्ये एक नेलं, १९७४ मध्ये एक इंग्लंडला गेलं. ही तिन्ही इथून उडत गेली. "त्यांनी मोडली, आपण जोडली, आणि परत त्यांनाच दिली," तात्या म्हणतात. यात त्यांना अभिमान आहे की चीड, ते रविवारप्रमाणे बदलतं. एक पालमला हवाई दलाच्या संग्रहालयात आहे, हे ते शेवटी सांगतात, समजूत घातल्यासारखं.

त्यातलंच आणखी एक लिबरेटर नंतर जुनी विमानं जपणाऱ्या अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलं. तिथल्या लोकांनी हजारो तास राबून १९८९ मध्ये ते पुन्हा हवेत नेलं. मेस्त्रींनी हे ऐकून पहिल्यांदा उत्सुकतेने विचारलं, "मग आपलं?" तात्या खो खो हसले. आपल्याला इंजिनच नाही, आहे ती पोकळ नळी. पण मग गंभीर होऊन म्हणाले, उडायचं ते उडून झालं त्याचं. त्याच फाउंडेशनचं एक बी-१७ बॉम्बफेकी विमान ऑक्टोबर २०१९ मध्ये हौशी प्रवाशांना घेऊन उडालं, कनेटिकटमध्ये कोसळलं, सात माणसं गेली. जुनी विमानं उडती ठेवावीत की नुसती उभी, यावर जगभर वाद आहेत. आमच्याकडे तो वाद नाही. आम्ही गळावं की साठावं या पायरीवर आहोत.

कधी वाटतं, नशीबच वेगवेगळं. श्रीनगरला १९४७ मध्ये पहिली तुकडी उतरवणाऱ्या डाकोटा या वाहतुकीच्या विमानाचा नंबर, व्हीपी ९०५, अंगावर घेऊन एक दुसराच डाकोटा २०१८ मध्ये इंग्लंडहून उडत भारतात आला. तोही २०११ मध्ये भंगारातच सापडला होता, एका खासदाराने पदरचे पैसे घालून दुरुस्त करून हवाई दलाला भेट दिला. आणि विक्रांत? जिच्यावरून सी हॉक आणि अलिझे विमानं उडाली, ती अख्खी बोट मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. मुलीला दुसरीत असताना दाखवायला नेली होती, डेकवर भर दुपारी पाय भाजले होते. लोक कोर्टात गेले, तरी २०१४ मध्ये ती तोडलीच. तिच्या पोलादातून मोटारसायकली निघाल्या. माझ्या भाच्याकडे आहे त्यातली एक. टाकीवर थाप मारून तो सांगतो, "मामा, ही विक्रांत." मी काय म्हणणार? वाचली म्हणायची की गेली? दाबोळीजवळ नौदलाच्या विमान संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन बघताना मला तीन शेपटांच्या त्या डौलदार राणीचं कौतुक वाटायच्या आधी समुद्राचा खारा वारा जाणवला. आता कुठलंही जुनं विमान पाहिलं की मी पहिल्यांदा खाली वाकतो. पोटाची भोकं मोकळी आहेत का बघायला. बायको म्हणते, गोव्यातसुद्धा?

आणि हेही सांगायला हवं की सगळंच निर्मळ नाही. हे खेळणं नाही, माणसं मारायचं यंत्र आहे. दोन्ही कुशींत तीस मिलिमीटरच्या तोफा होत्या, त्यांच्या नळ्यांच्या जागी आता मैना बसतात. ते घसरगुंडीशेजारी कशाला हवं, असं मला एका मैत्रिणीने विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तात्यांना मी तोच प्रश्न विचारला तेव्हा ते बराच वेळ कागद घासत राहिले. मग म्हणाले, "सकाळी मी पट्टे आवळून दिले होते साहेबांचे. लग्न ठरलं होतं त्यांचं. ट्रेनिंगचं उड्डाण, कुठे लढाई नाही, काही नाही. दुपारी त्यांचा डबा तसाच." नाव नाही सांगितलं. शेपटीचं नियंत्रण म्हणे. आपण तपासलं होतं ना, हे तात्या पन्नास वर्षं स्वतःला विचारतायत, असं मला वाटतं. म्हणजे हे विमान वाचवणं त्यांच्यासाठी नेमकं काय आहे, ते मला ठरवता येत नाही. मी तरी कशासाठी जातो? वडिलांसाठी, त्या चंदेरी दुपारसाठी, की शेपटीखालची अक्षरं कुणी बघू नयेत म्हणून?

बागेच्या वॉचमनला मात्र असले प्रश्न पडत नाहीत. आमचं काम बघून त्याला हुरूप आला आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, हे सेखोंचं विमान. एका लोकप्रतिनिधींनाही ते आवडलं. निदान सेखोंच्या विमानाचा नंबर तरी घाला, बोर्ड लावू, लोक येतील. डाकोटावर नाही का घातलेला? तात्यांचा चेहरा लाल झाला. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगरवर सेबर तुटून पडली असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना उडाले. "ते विमान दरीत गेलं," तात्या म्हणाले, "देह मिळाला नाही त्यांचा. तो नंबर त्यांच्याबरोबर गेला. डाकोटाचं त्यांनी काय ते ठरवलं असेल, मान आहे. याला याचा नंबर नसेल तर नसू दे." मला खरं सांगायचं तर लोकप्रतिनिधींचं म्हणणं थोडं पटलं होतं. बोर्ड आला असता तर निधी आला असता. मी तात्यांना ते बोललो नाही. आणि हेही बोललो नाही की सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानातल्या पसरूरला उतरलेलं आपलं एक नॅट कराचीच्या हवाई दल संग्रहालयात ठेवलंय. कुठल्या विमानाने कुठे उतरायचं ते त्यांच्याही हाती नसतं.

त्या 'सिमेंटचं आहे' नंतर मी तात्यांना एक मागितलं. सगळं विमान उघडं करायची आमची ताकद नाही, आणि उघडा पत्रा पावसात ठेवणंही बरं नाही. पण नाकाडावर, पोरांचा हात पोचेल तिथे, तळहाताएवढा चौकोन थेट पत्र्यापर्यंत घासू द्या. तिथे रिबेट दिसू दे. तिथे वाजवलं तर टण् वाजू दे. तात्या म्हणाले, पत्रा खाईल हवा. मी म्हटलं, दर महिन्याला मी मेण लावीन. तीन रविवार लागले. शेवटच्या दिवशी मी वाजवून पाहिलं. टण् नाही वाजलं अगदी, पण पातेल्यावर बोट मारल्यासारखा, पोकळ, जिवंत आवाज आला. मेस्त्रींनीही वाजवलं. मग वॉचमनने.

चोवीस जानेवारीला रंगारी आला. ठेक्याचा माणूस, बरोबर दोन पोरं आणि आकाशी रंगाचे डबे. आम्ही आधीच गाठून चहा पाजला, पोटाची भोकं दाखवली, त्यांत काड्या खोचून ठेवल्या, हवाई दलाच्या तिरंगी वर्तुळात केशरी मध्ये आणि हिरवा बाहेर हेही चुन्याने आखून दिलं. मागच्या वर्षी ते उलटं होतं. आणि तो चौकोन दाखवून मी हात जोडले: एवढी जागा सोड रे बाबा, मुद्दाम ठेवलीय, पोरांसाठी. रंगारी समजूतदार. "काळजीच करू नका साहेब." सव्वीसला सकाळी झेंडावंदन करून आलो तर त्याने शब्द पाळला होता. चौकोनाला रंगाचा थेंब लागलेला नव्हता. उलट त्याची काहीतरी महती असणार अशा समजुतीने त्याने भोवती लाल रंगाची सुबक चौकट काढली होती आणि खाली, वळणदार अक्षरांत, लिहिलं होतं: 'हात लावू नये'.

तात्या त्या दिवशी इतके हसले की त्यांना खोकला आला.

ते अक्षर आम्ही अजून पुसलेलं नाही. गंमत अशी की तेव्हापासून तिथे हात लावल्याशिवाय एकही पोर पुढे जात नाही. चौकोनाचा पत्रा बोटांनीच गुळगुळीत झालाय, मेणाची गरजच उरली नाही.

या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस रात्रभर पडला. सकाळी सहाला तात्यांचा फोन. गुडघे धरलेत, बाहेर पडता येत नव्हतं. "जाऊन बघा." मी छत्री घेऊन गेलो. बाग रिकामी, मातीचा वास, जिराफाच्या मानेवरून पाणी ओघळत होतं. विमानाच्या पोटाखाली वाकलो. पहिल्या भोकातून थेंब, थोडं थांबून पुन्हा थेंब. दुसऱ्यातून बारीक धार, स्वच्छ, रंग नसलेली. तिसरं कोरडं. मी फोनवर सांगितलं तसं सगळं. तात्या गप्प. मग म्हणाले, "पान अडकलं असेल. आरा आणलाय का?"

खिशात होता.